गुळाचा गणपती आणि आमची बंद पडलेली शॉर्टफिल्म

गेल्या शनिवारी खामगावला घरी गेलो होतो. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्स, हाडं खिळखिळी, आणि डोक्यात एकच किडा: आमची शॉर्टफिल्म बंद पडली. मी लिहिणार, एक मित्र कॅमेरा धरणार, दुसरा हिरो. कॅमेरावाला ऑनसाइटला गेला, हिरोचं लग्न ठरलं, आणि तिघांचा बोनस भाड्याच्या लाइट्समध्ये गेला. दोन वर्षांत हाती आलं सव्वाचार मिनिटांचं फुटेज! ठरवलं, बस्स झालं, आता फक्त कोडिंग.

घरी बघतो तर बाबा मोबाईलवर ‘गुळाचा गणपती’ बघत बसलेले. बाबा पु. लं.चे कट्टर भक्त. ‘बटाट्याची चाळ’ची कॅसेट आमच्या घरात आरतीपेक्षा जास्त वेळा वाजली असेल.

‘गुळाचा गणपती’ 1953 सालचा. लेखन, संगीत, दिग्दर्शन आणि वर नायकही. सबकुछ पु. ल.! वय जेमतेम 34. तोवर ‘तुका म्हणे आता’ आणि गोगोलवरून केलेलं ‘अंमलदार’ ही नाटकंही लिहून झालेली. मग पुढचा सिनेमा? दिग्दर्शक म्हणून नाहीच. 1955 मध्ये गृहस्थ आकाशवाणीत नोकरीला लागले.

आपल्या ऑफिसात याला ‘करिअर संपलं’ म्हणतात. पण 1957 मध्ये ‘तुझे आहे तुजपाशी’ आलं. आणि मग ‘बटाट्याची चाळ’चे एकपात्री प्रयोग. म्हणजे बघा, सिनेमाला स्टुडिओ, निर्माता, वितरक, थिएटर, सगळं लागतं. चाळीला काय लागलं? रंगमंच आणि एक माणूस. चाळीतली सगळी बिऱ्हाडं त्याच्या एकट्याच्या गळ्यात. आमच्या भाषेत सांगायचं तर डिपेंडन्सी जवळपास झिरो.

हे सगळं मी बाबांना मोठ्या उत्साहात ऐकवलं. ते म्हणाले, “मंग? त्यायनं सिनेमा सोडला, हसवनं थोडीच सोडलं?”

मग जरा थांबून म्हणाले, “म्या मात्र नाटक सोडलं, अन् मंग काईच केलं नाही.”

मला माहीतच नव्हतं! शाळेतले मास्तर मिळून नाटकं बसवायचे. ‘तुझे आहे तुजपाशी’ त्यांनी केलं होतं, काकाजी आमचे बाबा.

“काहून सोडलं?”

“तुयी बारावी आली. ट्युशन, फी... राहूनच गेलं.”

यावर काय बोलणार? आई आत भाकरी थापत होती, तिचाही हात थांबल्यासारखा वाटला.

रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप काढला आणि शॉर्टफिल्मची स्क्रिप्ट मोठ्यानं वाचली. तिन्ही पात्रं मीच. वीस मिनिटं लागली. बाबा दोनदा हसले, त्यातलं एकदा चुकीच्या जागी. मग म्हणाले, “त्या म्हाताऱ्याचा आवाज जमला नाही तुले. आन इकडं.”

आणि चष्मा शोधायला लागले.