उपवासाला चालतं

आक्काने मेक्सिको सिटीहून पाठवलेला पहिला फोटो नातवाचा नव्हता, पाट्याचा होता. काळा खडबडीत दगड, तीन पाय, पुढे जरा उतरता, वर आडवा वरवंटा. खाली एवढंच लिहिलेलं : "आजीचा पाटा इथं कुणी आणला?"

आम्ही सात भावंडं, चुलत आणि आत्ये धरून. निम्मी साताऱ्याची, निम्मी सांगलीची. सगळ्यात धाकटा तोही आता अठ्ठावन्नचा. घरच्या ग्रुपवर एरवी शुभ सकाळची फुलं आणि कुणाच्या तरी गुडघ्याचे रिपोर्ट. त्या दिवशी मात्र पाट्यावरून जुंपली. दादा म्हणाला, साताऱ्याच्या चिमणपुऱ्यातल्या आपल्या पाट्याला पाय नव्हते, खाली गोणपाट असायचं. सांगलीची ताई म्हणाली, पाय होते, एक मोडका होता, म्हणून गोणपाट. आजी असती तर निकाल लागला असता.

आक्का लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. बरोबर डिंकाचे लाडू आणि दोन किलो कांदा-लसूण मसाला. म्हणजे मिरचीच्या माहेरी मिरची घेऊन निघाली होती, पण हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मिरची आमचीच, ब्याडगीची नि संकेश्वरची. ती समुद्रापलीकडून पोर्तुगिजांच्या गलबतातून आली, असं उन्हाळ्याच्या सुट्टीत देठं मोडताना कुणी सांगितलं असतं तर आजीने त्याला आणखी एक पायली मोडायला दिली असती.

तो देठं मोडायचा दिवस सातही जणांना सारखाच आठवतो, हे विशेष, कारण बाकी कशावरच आमचं एकमत नाही. आत्या सांगलीहून हळद घेऊन यायची. पडवीत जुन्या धोतरावर मिरचीचा ढीग. दुपारपर्यंत बोटांची आग आग, मग ताकात हात बुडवायचा. डोळ्याला हात लावायचा नाही हे दर पाच मिनिटांनी कुणीतरी ओरडून सांगायचं आणि दर वर्षी धाकटा लावायचाच. संध्याकाळी डबे डंकावर जायचे. परत आलेला मसाला अजून कोमट असायचा, आणि त्या रात्री भाकरीवर तोच, तेल घालून.

आक्काला तिकडच्या मंडईत मिरच्यांची वेगळी गल्लीच सापडली. ओली असते तोवर पोब्लानो, वाळली की आंचो. ओली असते तोवर हालापेन्यो, धुरावर वाळवली की चिपोत्ले. "सासरी गेल्यासारखं नाव बदलतात," तिने कळवलं. आमच्याकडे ओली काय, वाळली काय, मिरची ती मिरचीच.

मक्याचं मात्र तिला जड गेलं. आमच्या घरी भाकरी ज्वारीची. मका म्हणजे पावसाळ्यात निखाऱ्यावरचं कणीस, नाहीतर जनावराची वैरण. तोर्तियाला पहिले आठ दिवस तिला चुन्याचा वास आला. तो खरोखरच चुना होता. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, धुऊन सालं काढायची आणि मग वाटायचा. पूर्वी त्या तीन पायांच्या मेतातेवर, आता गिरणीत. चुन्याने पीठ चिकट होतं, म्हणून आपल्या मक्याच्या भाकरीसारखं थापताना चिरत नाही. शिवाय मक्यात अडकून बसलेलं एक जीवनसत्त्व मोकळं होतं. युरोपने मका उचलला, चुना तिथेच ठेवला, आणि पुढे मक्यावरच जगणारी गरीब माणसं पेलाग्राने आजारी पडली. आमच्या घरात चुना आजोबांच्या पानाच्या डब्यात असायचा. त्याचा स्वयंपाकाशी संबंध जोडला असता तर आजीने डबाच फेकला असता.

मग घेवडा. कोरेगावला आमचा एक तुकडा होता, त्यात पावसाळ्यात घेवडा निघायचा. अंगावर तांबडे ओरखडे, म्हणून वाघ्या. आजी बियाणं राखेत घालून मडक्यात ठेवायची आणि त्यातले दाणे आम्ही सागरगोट्यांऐवजी खेळायला पळवायचो. आता कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, मोठा माणूस झालाय तो. या घेवड्याच्या जातीचं मूळ मेक्सिकोत नि तिथून खाली अँडीज पर्वतात. आक्काला मंडईत पोत्यात त्याचेच भाऊबंद दिसले, तसेच ओरखडे अंगावर. ती इतकी हरखली की खानावळीत बसून घेवडा मागवला. लेकीने वेळेवर हात धरला. तिकडे तो पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. त्या दिवशी आक्का स्पॅनिशमधलं पहिलं वाक्य शिकली : "सिन मांतेका, पोर फावोर." चरबी नको, कृपा करून. हे वाक्य तिने नंतर इतक्यांदा म्हटलं की भाजीवालाही तिला बघून आधी तेच म्हणायचा.

खानावळीत तिला आणखी एक आवडलं. जेवून उठलेली अनोळखी माणसं जाता जाता तुमच्या टेबलाशी "बुएन प्रोवेचो" म्हणून जातात. आपल्या पंगतीतलं "सावकाश होऊ द्या" तेच. आमच्या पंगती बुफेने खाल्ल्या. तिकडे हॉटेलात अजून म्हणतात.

लेकीच्या घराखाली रस्त्यावर भंगारवाल्याची गाडी, तिच्यावर एका लहान मुलीचा रेकॉर्ड केलेला आवाज, गाद्या द्या, फ्रीज द्या, शेगड्या द्या. संध्याकाळी रताळीवाला. गाडीवरच्या भट्टीची वाफ शिट्टीतून सोडतो, ती गल्लीभर किंचाळते. आक्काने तो आवाज ग्रुपवर टाकला. दादाला मिरजेच्या स्टेशनातलं इंजिन आठवलं, ताईला एकादशी.

एकादशीचं सांगायलाच हवं. आजीचा कायदा कडक. कांदा नाही, लसूण नाही, गहू नाही, डाळ नाही. मग ताटात काय? रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा, हिरवी मिरची, राजगिऱ्याचा लाडू, वर पपई. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच. ताटातला एकूण एक पदार्थ कोलंबसानंतरचा. जे मुळातलं आपलं ते आजीला चालायचं नाही, जे बोटीतून आलं ते सगळं पवित्र. याची चेष्टा कॉलेजात शिकून आलेल्या दादाने एकदा तिच्यासमोर केली. ती म्हणाली, "मग तू खाऊ नकोस."

आक्काला राजगिऱ्याच्या वड्या मेट्रोच्या दाराशी मिळाल्या, मध घालून थापलेल्या. नाव आलेग्रिया, म्हणजे आनंद. अॅझटेक लोक या धान्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून खात. स्पॅनिश पाद्र्यांना ते आपल्या प्रसादाच्या फार जवळचं वाटलं आणि त्यांनी राजगिऱ्यावर डोळे वटारले. आमच्या घरी तो देवापुढेच ठेवला जायचा. एकादशीला आक्काने दोन खाल्ल्या आणि ग्रुपवर विचारलं : चालतं ना?

गंमत म्हणजे आमच्या लहानपणी घरात 'मेक्सिकन' म्हणून एकच गोष्ट आली, ती म्हणजे गहू. 1966 साली भारताने मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचं बियाणं आणलं, लेर्मा रोहो नि सोनोरा-64. पुढे त्या गव्हाचं एक पोतं आजोबांनी कृष्णाकाठच्या कुणाकडून तरी आणलं. दाणा तांबडा, पोळी चामट. आजी खपलीवाली, तिने एक पोळी लाटली आणि उरलेला गहू गड्याला देऊन टाकला. आणि गहू मेक्सिकोत स्पॅनिशांबरोबर गेलेला. म्हणजे घरातली जी एकच वस्तू आम्ही मेक्सिकन म्हणून नाकारली, तीच मुळात तिकडची नव्हती.

आक्काला लेकीने तिथल्या चित्रकार रिव्हेराची भित्तिचित्रंही दाखवली. शिक्षण खात्याच्या जुन्या इमारतीत 'आमची रोजची भाकरी' या अर्थाचं एक चित्र आहे. त्यात टेबलाशी बसून भाकरी वाटणारा माणूस म्हणजे वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतून परागंदा झाले, मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या जाती तयार केल्या, आणि शेवटी 1967 मध्ये नागपुरात वारले. आक्का चित्रापुढे बराच वेळ उभी होती म्हणे. फोटो पाठवला त्यात मात्र तिची पर्सच निम्मी आली आहे.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला मृतांचा दिवस. शेजारच्या बाईंनी घरात पायऱ्यांची मांडण केली, गेलेल्यांचे फोटो, मेणबत्त्या, पाण्याचा पेला, ज्याला जे आवडायचं ते. आणि जिकडेतिकडे झेंडू. सेम्पासुचिल म्हणतात, तिथलंच फूल. वासावर माणसं वाट काढत घरी येतात अशी समजूत. आम्हाला झेंडू म्हणजे दसरा. आदल्या रात्री दाभणात ओवायचा, बोटं पिवळी. पितरांना पांढरं फूल, झेंडू नाही, हाही आजीचाच कायदा.

बाईंनी आक्कालाही विचारलं, तुमचं कुणी ठेवायचंय? तिने मोबाइलवरून आजीचा फोटो छापून आणला, झेंडूत ठेवला, पुढे वाटीत कांदा-लसूण मसाला तेल घालून, शेजारी पोळपाटाएवढी तोर्तिया.

फोटो आला तेव्हा आमच्याकडे पहाट होती. पहिलं दादाने लिहिलं : "पितरांच्या पानावर लसूण?"

बऱ्याच वेळाने आक्काचं उत्तर आलं. "इथं चालतं. मी विचारलं."