तांब्याची वाटी, पोलादी दांडा

वसतिगृहाच्या आठवणी लिहावयास बसलो, तेव्हा आम्हां काही माजी विद्यार्थ्यांना अभ्यासिकेच्याही आधी आठवली ती कार्यशाळेतील कोळशाची भट्टी. ते काही अभ्यासक्रमातील शिक्षण नव्हते. रविवारचा छंद होता. शिवाजी उद्यमनगरातून भंगाराचे तुकडे आणावेत आणि भाता सुरू करावा, एवढाच त्याचा थाट. त्यातले सर्वांत अवघड काम म्हणजे तांब्याला पोलाद जोडणे.

लोखंडाचे दोन तुकडे पांढऱ्या आचेपर्यंत तापवून घणाखाली एकजीव करता येतात. तांब्याच्या बाबतीत ते साधत नाही. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, लोखंड १५३८ अंशांना. पोलाद सांधण्याजोगे तापेपर्यंत तांबे निखाऱ्यांत ओघळून जाते. म्हणून मार्ग उरतो तो झाळण्याचा. पितळेचा झाळ सुमारे ९०० अंशांना, म्हणजे तांब्याच्या आधी, वितळतो. दोन्ही पृष्ठभाग कानशीने उजळावेत, तारेने घट्ट आवळावेत, वर टाकणखाराचा लेप द्यावा. टाकणखार धातूवरचा काळा थर विरघळवतो व हवा अडवून धरतो. मग वितळलेला झाळ बारीक फटीत आपोआप ओढला जातो. बोटाचा तेलकट ठसा राहिला, तरी तेवढी जागा तो सोडून देतो. कच्छमधील निरोणा गावचे लोहार लोखंडी घंटांवर तांब्याचा थर चढवितात, त्यांचाही भरवसा याच टाकणखारावर.

आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भाता नव्हता. हा हुन्नर जन्माने मिळत असे, आणि आम्ही त्या जन्माचे नव्हतो. याच करवीर नगरीत राजर्षी शाहू महाराजांनी बलुतेदारीचे बंधन मोडून ज्याला जो धंदा करावयाचा तो करण्याची वाट खुली केली, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. हातात सांडशी आल्यावर ते कळले. भगवंतांनी अखेरचे भोजन स्वीकारले ते चुंद या लोहारपुत्राकडचे, ही कथाही आम्ही प्रथम भट्टीपाशीच ऐकली.

त्या भट्टीवर आम्ही पिण्याच्या पाण्यासाठी एक ओगराळे घडविले: वाटी तांब्याची, दांडा पोलादी. ज्यांच्या आजोबांना पाणी वरून ओतून मिळे, त्यांची नातवंडे त्या ओगराळ्याने स्वतः माठातून पाणी घेऊ लागली. जोडापाशी ओल राहिली, तर तांब्याच्या संगतीत पोलादच आधी गंजते. म्हणून ते पुसून, कोरडे करून खुंटीला अडकविण्याची पाळी मुलांमध्ये लावलेली असे. पुढे दांडा दोनदा बदलावा लागला. वाटी अजून तीच आहे.