कातडी उघडी ठेवताना

कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या, उपाशी पोटी चहा, वरून खर्रा. मग एके दिवशी जठराजवळचा व्रण फुटतो. पहिला दिवस 'गॅस झाला' म्हणण्यात जातो, दुसरा गावात सलाईन लावण्यात. कारंजा-आष्टीकडचा असा पेशंट वर्ध्याला टेबलावर येतो, तेव्हा पोटात पू साचलेला असतो. टाके पिकणार की नाही, याचा निम्मा निकाल आमचा चाकू लागायच्या आधीच लागलेला असतो.

उरलेला निम्मा आमच्याकडे. चीर घेण्याआधी तासाभरात अँटिबायोटिक. छिद्र बुजवलं की कोमट सलाईनने धुणं: यकृताच्या वर, आतड्यांच्या वळ्यांमध्ये, ओटीपोटात, पाणी निवळ येईस्तोवर. मग पोटाचा मजबूत थर शिवायचा. त्यात चिरेच्या लांबीच्या निदान चौपट धागा जायला हवा. मी ज्युनिअरला उरलेला तुकडा मोजायला लावतो. फार उरला, तर टाके विरळ पडलेत किंवा ओढून घातलेत. आवळलेल्या टाक्याखालचं मांस मरतं आणि जंतूंना तेच हवं असतं.

कातडी मात्र शिवायची नाही. इथे हात खरोखर शिवशिवतो. नीट शिवलेलं पोट कोणाला आवडत नाही? पण घाण पोटावर कातडी बंद केली की पू खाली कोंडतो. म्हणून सलाईनचा ओला गॉज, रोज ड्रेसिंग आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जखम लालसर, स्वच्छ दिसली तर टाके.

नातेवाइकांना हे पटत नाही. "टाके राहून गेले का जी?" मग मी बापूंची, म्हणजे गांधीजींची, गोष्ट सांगतो. 12 जानेवारी 1924 ला पुण्याच्या ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं अपेंडिक्स काढलं. मध्येच वीज गेली, कंदील धरावा लागला. पुढे गळू झालं, बरं व्हायला वेळ लागला. पेनिसिलिनचा शोधही तेव्हा लागायचा होता. सेवाग्रामच्या परिसरात ही गोष्ट माझ्या शास्त्रापेक्षा जास्त चालते.

भात-वांग्याने जखम चिघळते, ही समजूत मात्र बापूंनाही हटत नाही. आधीच खंगलेल्या माणसाला वरणाच्या पाण्यावर ठेवतात. अंडं, डाळ, दूध द्या, असं मी नर्सताईंकडून म्हणवून घेतो, त्यांचं ऐकतात.

पाचव्या-सहाव्या दिवशी मी स्वतः गॉज उचलतो. पिवळा पू दिसला तर धुऊन काढता येतो. पण गॉज एकाएकी गुलाबी पाण्याने भिजला असेल, तर आतला थर सुटतोय. मग दिवाळी असली तरी थिएटर उघडायचं.