तिसऱ्या चाकाचें क्षेम

संस्कृतांत 'योगक्षेम' असा एक जोडशब्द आहे. न मिळालेलें मिळविणें तो योग आणि मिळालेल्याचें रक्षण करणें तें क्षेम, अशी त्याची फोड शास्त्रकार करितात. आमच्या घरांघरांतून पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, योगाचें कौतुक सर्वांना, क्षेमाचें मात्र फारसें कोणाला नाहीं. नवी वस्तु दारीं आली म्हणजे तिला हळदकुंकू लागतें, पेढे वांटले जातात. तीच वस्तु वर्षानुवर्षें चालती ठेवणाऱ्यास 'यांना दुसरा उद्योग नाहीं' एवढेंच प्रशस्तिपत्र मिळतें. आज वाचकांपुढें आम्ही जो विषय मांडीत आहों तो या दुसऱ्या वर्गांतला आहे. तो म्हणजे साइडकार जोडलेल्या स्कूटरची निगा.

आमच्या घरीं बजाज चेतक आहे. ही गाडी बाजारांत आली १९७२ सालीं. आमच्या ज्येष्ठ बंधूंनीं ती घेतली १९८३ सालीं. त्या काळीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. पुढें मुलें झालीं तेव्हां डाव्या अंगास साइडकार जोडली व तिची नोंद गाडीच्या कागदांत रीतसर करून घेतली. आज बंधु नाहींत, मुलेंही मोठीं झालीं. वहिनींना मात्र अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून उजव्या हातानें कांहीं घट्ट धरवत नाहीं. मागील बैठकीवर त्यांना बसतां येत नाहीं, साइडकारमध्यें येतें. त्यांची मंडई, त्यांचें देवदर्शन, माहेरच्या माणसांची विचारपूस, सर्व कांहीं या तिसऱ्या चाकावर चालतें. ऋग्वेदांत अश्विनीकुमारांचा रथ त्रिचक्र वर्णिला आहे, आणि लढाईंत पाय गमावलेल्या विश्पलेस लोखंडी पाय देणारेही तेच. तीन चाकें आणि दुखऱ्या देहाची सेवा यांची गांठ अशी फार जुनी आहे, असें आम्ही वहिनींना सांगतों. त्यावर "भाऊजी, त्या रथाचे बोल्ट कोण आवळीत असे तें आधीं सांगा," असा त्यांचा प्रश्न असतो!

प्रश्न थट्टेचा असला तरी मर्मावरचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत मोटारसायकल म्हणजे दुचाकी वाहन अशी व्याख्या आहे, आणि सुटी करतां येण्याजोगी जादा चाकाची साइडकारही तींतच धरिली आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें आमची गाडी दुचाकीच. निसर्गनियम मात्र ही सवलत देत नाहीं. इंजिन फिरवितें तें केवळ मागलें चाक. साइडकार नुसती ओढली जाते. म्हणून वेग देतांच गाडी डावीकडे ओढ घेते. साइडकारच्या चाकास ब्रेक नसल्यामुळें ब्रेक लावतांच ती आपल्या भारानें पुढें रेटते व गाडी उजवीकडे जाऊं पाहते. डावीकडे वळतांना रिकामी साइडकार उचलली जाण्याचें भय असतें. म्हणून वहिनी बरोबर नसतील तेव्हां आम्ही आंत वाळूची पिशवी ठेवितों. हा एकांगी भार रात्रंदिवस कोणत्या तरी सांध्यावर पडत असतो. तो सांधा सांभाळणें हीच या गाडीच्या निगेची पहिली ओळ होय.

यास्तव आमचा क्रम असा आहे. दर आठवड्यास साइडकारचे सर्व बोल्ट पान्यानें पाहावयाचे. सांध्यांवरचा चिखल फडक्यानें पुसावयाचा, कारण चिर पडली तर ती स्वच्छ लोखंडावरच दिसते. दर सहा महिन्यांनीं चाकांची रेषा तपासावयाची. एक सरळ फळी स्कूटरच्या दोन्ही चाकांस लावून व दुसरी साइडकारच्या चाकास लावून दोहोंमधील अंतर पुढें आणि मागें मोजावें. पुढचें अंतर किंचित् कमी हवें. आणि स्कूटर रिकामी असतां केसभर उजवीकडे कललेली हवी. हें बिघडलें म्हणजे हातांस एकसारखी ओढ लागते व टायर एका कडेनें खरवडला जातो.

टायर, ब्रेक व क्लच यांस दुचाकीपेक्षां अधिक कष्ट पडतात. आमच्या गाडीचीं तिन्ही चाकें व स्टेपनी एकाच मापाचीं असल्यामुळें आम्ही त्यांच्या जागा आलटून पालटून बदलतों. मागला टायर एकटा झिजत नाहीं. या चाकाच्या दोन वाट्या बोल्टांनीं जोडलेल्या असतात. पंक्चर काढतांना आधीं ट्यूबमधील हवा पूर्ण सोडावी, मगच ते बोल्ट ढिले करावे. हवा भरलेली असतां बोल्ट काढणें म्हणजे जिवाशीं खेळ आहे, हें घरच्या प्रत्येक मुलास आम्हीं बजावून ठेविलें आहे.

तेलाचें गणित सोपें आहे: पेट्रोलच्या प्रत्येक लिटरास २० मिलिलिटर टू-टी तेल. कमी पडलें तर पिस्टन जाम होतो. जास्त झालें तर धूर होतो व प्लग काजळतो. प्लग पुसून त्याच्या टोकांतील फट सुमारें ०.६ मिलिमीटर ठेवावी. अलीकडे पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें ओलावा शोषून घेतें आणि जुन्या रबरास मानवत नाहीं. म्हणून पेट्रोलची नळी व कार्बोरेटरमधील रबर आम्हीं नवें बसविलें. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवितों, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. एवढें घरीं होतें. ब्रेकचे लायनर, क्लचच्या प्लेटी व सायलेन्सरमधील काजळी हें काम मिस्त्रींचें.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी होऊन ती वाढवून घ्यावी लागते. २०२३ सालीं ती वेळ आली तेव्हां घरांत वाद झाला. पुतण्याचें म्हणणें, "काका, गाडीला झकास रंग देऊं, म्हणजे काम झालें." धाकट्या सूनबाईंचें मत, विकून टाकावी; वहिनींना रिक्षा आहेच. रंगापूर्वीं मिस्त्रींनीं सांधे उघडले, तों साइडकारच्या मागल्या नळीवर डागाशेजारीं केसासारखी चिर निघाली. वरून पुन्हां डाग दिला तर खर्च थोडा आणि गाडी दुसऱ्या दिवशीं तयार. नवी नळी करवून घेतली तर खर्च मोठा आणि महिनाभर खोळंबा. सर्वजण वहिनींकडे पाहूं लागले. त्या म्हणाल्या, "महिनाभर रिक्षानें जाईन. रंग राहिला तरी चालेल. बसणार मी आहें; मला नळी नवी हवी."

नळी नवी झाली. रंग अद्याप जुनाच आहे. या प्रसंगापासून आमच्या घरीं खर्चाचा एक अनुक्रम ठरला आहे: आधीं सांधा, मग ब्रेक, मग टायर, मग इंजिन, आणि उरलें तर रूप. इंजिन बंद पडलें तर माणूस रस्त्यांत उभा राहतो; सांधा तुटला तर रस्त्यावर पडतो. हा भेद ध्यानांत ठेविला म्हणजे कोणत्या कामास पैसा द्यावा, याचा निर्णय अवघड राहत नाहीं.

क्षेमास मर्यादा असते हेंही आम्ही जाणतों. आपल्या हातानें बोल्ट पुरता आवळला जात नाहीं असें ज्या दिवशीं वाटेल, त्या दिवशीं पाना पुतण्याच्या हातीं द्यावयाचा. आणि सांध्याचा योग्य भाग मिळेनासा झाला तर साइडकार सोडवून ठेवावयाची, असें वहिनींच्या समक्ष ठरलें आहे. २०२८ सालीं पुन्हां तपासणी आहे. तोंवर दर रविवारीं सकाळीं पुतण्या आमच्या शेजारीं बसून बोल्ट मोजतो, आणि वहिनी ओसरीवरून "सगळे झाले का रे?" असें विचारल्यावांचून राहत नाहींत.