पात्रांना घर देताना

नाटकाच्या तासाला आम्ही दोघे गेली काही वर्षे एक खेळ घेत आलो आहोत. करमाड आणि आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना मुंबईतील एकेक पात्र वाटून द्यायचे. कोणी परिचारिका, कोणी बसचा वाहक, कोणी कचेरीतला कारकून. पात्राच्या तोंडून पहिला संवाद निघण्यापूर्वी त्याचे घर निश्चित करावयाचे, एवढीच अट. अट साधी, पण बहुतेक सगळे तेथेच अडतात.

ह्या मुलांच्या मनातले घर म्हणजे माळवद, ओसरी, अंगण किंवा अलीकडचे स्लॅबचे घर. त्यामुळे पहिल्या फेरीत मुंबईचा वाहकदेखील दिवाणखाना आणि दोन शयनगृहे असलेल्या सदनिकेत सुखाने राहू लागतो. दूरचित्रवाणीवरील मालिका त्याला हातभार लावतात. दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. आम्हीही मराठवाड्यातच वाढलो. आमच्यापर्यंत मुंबई आली ती पुस्तकांतून आणि चित्रपटांतून.

म्हणून आम्ही वर्गाच्या फरशीवर खडूने सोळा फूट लांब आणि दहा फूट रुंद असा चौकोन आखतो. 1920 साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे ज्या चाळी बांधल्या, त्यांतील एक खोली साधारण 160 चौरस फुटांची, शौचालये सामाईक. चौकोनात सहा जणांना उभे केले, की संहिता आपोआप बदलू लागते. रात्रपाळीहून आलेली परिचारिका दिवसा झोपणार कोठे? सासू-सुनेचे भांडण शेजाऱ्यांना ऐकू न जाता होईल कसे? एका विद्यार्थिनीने विचारले होते, “मॅडम, हिला रडायचं असेल तर ही कुठं जाईल?” नेपथ्याचा प्रश्न हा मुळात आशयाचा प्रश्न असतो, हे आम्ही व्याख्यानातून इतके नेमके कधी सांगू शकलो नव्हतो.

‘मुंबईचा जावई’ हा 1970 सालचा चित्रपट उभा आहे तो ह्याच वास्तवावर. नवविवाहित जोडप्याला भरल्या घरात एकान्त मिळत नाही, एवढेच त्याचे बीज. 1972 मध्ये तेच कथानक ‘पिया का घर’ म्हणून हिंदीत गेले. त्या दोघांना आणखी एक खोली मिळाली असती, तर चित्रपटच उरला नसता. गिरणगावातील गाळ्यांत एकेकटे कामगार पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. त्या खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना प्रेमाताई पुरव ह्यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. म्हणजे गिरणी कामगाराचे स्वयंपाकघर पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या खोलीत असे.

काळाचे भानही ठेवावे लागते. कारकून गिरगावात कसा राहतो, असे कोणी विचारले तर उत्तर 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यात सापडते: आजोबांनी घेतलेली खोली, गोठलेले भाडे आणि पागडी. तशी खोली नसेल तर त्याला डोंबिवली किंवा विरार गाठावे लागेल, आणि त्याचे निम्मे संवाद लोकलमध्ये घडतील. उलट, 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तेव्हा आजच्या कथेतील वरळीकराला डोळे मिटून जुन्या चाळीत बसविणे हेही अवास्तवच.

हा सगळा हिशेब आम्ही मोठ्या समाधानाने फळ्यावर मांडत असू. पगार, भाडे, अनामत, प्रवास. गेल्या वर्षी मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, भाडं बसतंय. पण ह्या पात्राचं आडनाव तुम्ही सांगितलंच नाही.”

वर्ग गप्प झाला; आम्हीही. बाबुराव बागूल ह्यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा, त्याच नावाच्या 1963 च्या संग्रहातील, आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. जात लपवून खोली मिळविणाऱ्या आणि ती उघड होताच मार खाणाऱ्या त्या तरुणावर आम्ही प्रश्नपत्रिकेत प्रश्न काढले. मात्र आमच्याच खेळातील घर शोधणाऱ्या पात्राला आडनाव द्यायचे आम्हाला सुचले नव्हते. ते सुचण्याची गरज आम्हाला आयुष्यात कधी पडली नव्हती, हे त्याचे खरे कारण.

त्या तासाला आडनावे दिली. घरमालकाची भूमिका ज्याच्याकडे आली, त्या मुलाच्या घरच्यांनी करमाडातच चार खोल्या बांधून शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येणाऱ्यांना भाड्याने दिल्या आहेत. त्याला संवाद लिहून द्यावे लागले नाहीत. “गाव कोणतं? पूर्ण नाव काय? मटण-मच्छी करता का?” तो सहज विचारीत गेला आणि मध्येच थांबला. समोर घर मागणारा म्हणून तोच मागच्या बाकावरचा मुलगा उभा होता. “आमच्याकडं असंच विचारतात, सर,” एवढे बोलून तो खाली बसला.

त्या दिवशी त्या पात्राला घर मिळाले नाही. खडूचा चौकोन तसाच रिकामा राहिला. तास संपल्यावर ते दोघे सोबत बाहेर पडले, पण बोलत होते की नाही हे आम्हाला दिसले नाही. यंदा आम्ही पात्रांची चिठ्ठी नव्याने केली आहे. तीवर व्यवसाय आणि पगार ह्यांच्या आधी पूर्ण नाव लिहितो.