माइकची खरखर

मुलांच्या दादींचे वय 82. त्यांच्या तोंडच्या कहाण्या आम्ही सुट्टीत घरच्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करायला घेतल्या, पण खरखर फार. उर्दूतला 'ख' आणि 'ख़', 'ज' आणि 'ज़' यांतला फरकच कळेना. मुलांना शिकवताना नेमका तोच कानावर पडायला हवा.

नवा माइक आणण्याआधी आम्ही एकेक गोष्ट तपासली. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला, तर घूंघूं थांबली. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. अर्थिंग नीट नसले की तिची घरघर चार्जरवाटे माइकमध्ये शिरते. मग उरली सूंसूं. सेटिंगमध्ये 'माइक्रोफोन बूस्ट' 30 डेसिबलवर होता. बूस्ट बोलण्याबरोबर खरखरही वाढवतो, म्हणून तो 10 वर आणला. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला ठेवला आणि पंखा बंद केला. आता 'ख़' स्वच्छ ऐकू येतो. खर्च काहीच नाही.

वाचकहो, आपल्या घरातल्या बुजुर्गांची बोली पुस्तकांत सापडत नाही. ती ऐकूनच पुढे जाते. माइक साधा असला तरी चालेल, पण हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका.