हातचे नऊ

बेरीज चुकलेली दिसली की मला झोप येत नाही. हा गुण आहे की दोष, याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. म्हणजे मी एका बाजूला आणि बाकीचे सगळे दुसऱ्या बाजूला. पस्तीस वर्षं हिशेब खात्यात काढलेल्या माणसाचं असंच व्हायचं. ताळेबंदात पाच पैशांचा फरक आला म्हणून आम्ही सहा जण रात्री नऊपर्यंत डोकी धरून बसलो आहोत, आणि फरक सापडल्याच्या आनंदात एकमेकांना तीन रुपयांचा चहा पाजला आहे. न जुळणारी रक्कम ‘उचंत खात्यात’ टाकून घरी जायची एक सोय सरकारने ठेवलेली असते. मी ती कधी वापरली नाही. उचंत खातं म्हणजे घरातला कचरा सतरंजीखाली सारणं, असं माझं मत होतं.

निवृत्तीनंतर ताळेबंद सुटले, खोड सुटली नाही. वाण्याची यादी, दुधाचं कार्ड, आहेराची वही, जे हाताला लागेल ते मी तपासतो. हल्ली लग्नघरात मी दिसलो की लोक आहेराची वही उशीखाली सरकवतात.

तर सांगायचं ते हे, की गेला महिनाभर माझी जी झोप उडाली आहे, ती इंग्लंडच्या पार्लमेंटमुळे. फूटपाथवरून वीस रुपयांना आणलेल्या एका जुन्या पुस्तकात मला लॉर्डांच्या सभागृहातली एक नोंद सापडली. दिवस मंगळवार, २७ मे १६७९. एका ठरावावर मतं पडली. बाजूने सत्तावन्न, विरुद्ध पंचावन्न. ठराव मंजूर. आता हे वाचून शहाणा माणूस पान उलटतो. मी बेरीज केली. एकशे बारा. आणि त्याच दिवसाच्या त्याच दप्तरात हजर लॉर्डांची संख्या दिली आहे : एकशे सात!

पाच लॉर्ड जास्त. आमच्याकडे पाच पैसे जास्त निघाले तर ब्रह्मांड आठवायचं. इथे डोक्यावर टोप घातलेली पाच आख्खी माणसं जास्त निघताहेत! बरं, दप्तर तरी हरवावं? पण १८३४ साली पार्लमेंटचा जुना वाडा जळला, तेव्हाही लॉर्डांची कागदपत्रं वाचली, कारण ती ज्युएल टॉवर नावाच्या दगडी मनोऱ्यात ठेवलेली होती. चुकलेली बेरीज आगीतूनही वाचते, हा माझ्या नोकरीतला अनुभव आहे.

ठराव होता तरी कसला? तर हेबिअस कॉर्पसचा. आपल्या राज्यघटनेच्या मराठी प्रतीत त्याला ‘देहोपस्थिती’ असा भारदस्त शब्द आहे. अर्थ अगदी साधा. तुम्ही एका माणसाला कोंडून ठेवलं आहे ना? मग त्याला न्यायाधीशापुढे उभा करा आणि का कोंडलं ते सांगा. कारण पटलं तर ठेवा, नाही तर सोडा. इंग्लंडात हा हुकूम पुष्कळ जुना होता. पण जुन्या माणसांचं होतं तसं त्याचं झालं होतं, मान होता आणि दात नव्हते. फ्रान्सिस जेंक्स नावाचा लंडनचा एक कापडवाला १६७६ साली भर सभेत म्हणाला, की राजाने आता नवीन पार्लमेंट बोलवावं. एवढ्यावर त्याला उचलला आणि आत टाकला. त्याने अर्ज केला, तर उत्तर मिळालं, की सध्या कोर्टाला सुट्टी आहे. कापडवाला आत आणि न्याय रजेवर! याच्याही आधी काही कैद्यांना पार समुद्रापलीकडच्या बेटांवर पाठवून देत, म्हणजे कोर्टाचा कागद तिथवर पोचूच नये.

या जुन्या हुकमाला दात बसवणारं विधेयक कॉमन्स आणि लॉर्ड्स यांच्यामध्ये मेअखेरपर्यंत हेलपाटे घालत होतं. दुसरीकडे दुसरा चार्ल्स राजा पार्लमेंटला घरी पाठवायच्या घाईत होता. आपल्या भावाला गादीवर येऊ द्यायचं नाही, असलं भलतंच विधेयक कॉमन्सने हाती घेतलं होतं, आणि ते २१ मे रोजी दुसऱ्या वाचनात पारही पडलं होतं. राजा सत्तावीस तारखेला येणार, टाळं लावणार आणि अर्धवट राहिलेलं सगळं काम केरात जाणार. तेव्हा देहोपस्थितीसाठी दोन्ही सभागृहांची बैठक घ्यायची की नाही, याचा निकाल त्याच दिवशी लागायला हवा होता. नाही तर विधेयक मेलं.

मतं घ्यायची पद्धत आपल्या सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादासारखी. विरुद्ध असतील त्यांनी जागेवर बसून राहायचं, बाजूचे असतील त्यांनी बाहेर जाऊन एकेकाने दारातून परत आत यायचं. दाराशी दोन मोजणीदार उभे, दोन्ही पक्षांचा एकेक. एकाने मोठ्याने मोजायचं, दुसऱ्याने तो लबाडी करत नाही ना, हे बघायचं. मोजणारे होते लॉर्ड ग्रे. बघणारे होते लॉर्ड नॉरिस, आणि त्यांना ‘वाफां’चा विकार होता. त्या काळी अशी समजूत होती, की पोटातल्या वाफा डोक्यात चढतात आणि माणसाचं लक्ष ठिकाणावर राहत नाही. आमच्या खात्यात हा विकार दुपारी दोन ते चार सर्वांना होत असे. फक्त त्याला नाव नव्हतं.

पुढची हकिगत गिल्बर्ट बर्नेट या पाद्रीबोवांनी लिहून ठेवली आहे. हे पुढे सॉल्झबरीचे बिशप झाले. त्यांचा इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर, १७२४ साली छापायला सुरुवात झाली. ते म्हणतात, मोजणी चालली असता दारातून एक भलताच लठ्ठ लॉर्ड आत शिरला. ग्रेसाहेबांना थट्टा सुचली आणि त्यांनी त्याला दहा मोजलं. मग वाट बघितली, नॉरिस आता हसतील किंवा ओरडतील. पण नॉरिस वाफांत! त्यांच्या ते ध्यानातच आलं नाही. ग्रेंनी मनाशी म्हटलं असेल, झालं ते झालं, आणि आकडा तसाच पुढे चालू ठेवला. त्या दहाच्या जोरावर ठराव निघाला, बैठक झाली, विधेयक पार पडलं, आणि त्याच दिवशी राजाने येऊन त्याला संमती दिली आणि पार्लमेंटला रजा दिली.

लठ्ठ लॉर्डाचं नाव बर्नेटने दिलेलं नाही. पण देहोपस्थिती म्हणावी ती ही! नुसत्या देहाने उपस्थित राहून एवढी लोकसेवा दुसऱ्या कोणी केली असेल असं वाटत नाही.

माणसाला दहा मोजणं आपल्याला काही नवीन नाही. आमच्या गावचा आचारी पंगतीची पानं मोजताना व्याह्यांकडच्या एका काकांना नेहमी चार धरी, आणि तरीही जिलबी कमी पडे. पण तो स्वयंपाकघरातला हिशेब. हा राज्याचा.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एकाला दहा धरलं म्हणजे हातचे नऊ जास्त आले. सत्तावन्नातून नऊ गेले, राहिले अठ्ठेचाळीस. त्यात विरुद्धचे पंचावन्न मिळवले, एकशे तीन. हजर एकशे सात. म्हणजे चार जणांनी मतच दिलं नाही. आणि कुठल्याही सभेत चार जण ऐन मतदानाला बाहेर असतातच. जुळलं की हो! आता कोणी म्हणेल, बर्नेटबोवांची गोष्ट ऐकीव असेल, उशिरा आलेल्या पाच जणांची हजेरी मांडायला कारकून विसरला असेल. असेलही. कारकुनाची बाजू मी नाही घ्यायची तर कोणी? पण गोष्ट खरी धरली, तर खरा निकाल होता अठ्ठेचाळीस विरुद्ध पंचावन्न. ठराव चक्क पडलेला होता.

आणि इथून माझी खरी झोप उडाली. कारण त्या दाराशी नॉरिसच्या जागी मी असतो, तर? मला वाफांचा विकार नाही. मी तात्काळ हात वर करून म्हणालो असतो, “अध्यक्षमहाराज, बेरीज चुकली.” पुन्हा मोजणी झाली असती, हिशेब पैन्‌पै जुळला असता, आणि कायदा बुडाला असता.

कायदाही कसा, तर हिशेबी माणसाने जीव टाकावा असा. तुरुंग वीस मैलांच्या आत असेल तर तीन दिवसांत माणूस न्यायाधीशापुढे आणा. शंभर मैलांपर्यंत दहा दिवस, त्यापलीकडे वीस दिवस. नेण्या-आणण्याचा खर्च मैलाला बारा पेन्सच्या वर लावायचा नाही. म्हणजे मीटरसुद्धा ठरलेला! अटकेच्या हुकमाची नक्कल मागितली तर सहा तासांत द्यायची. तुरुंगाधिकाऱ्याने टाळाटाळ केली तर शंभर पौंड दंड, दुसऱ्यांदा केली तर दोनशे आणि नोकरी गेली. सुट्टीची सबब सांगणाऱ्या न्यायाधीशाला पाचशे पौंड. आणि आपल्या माणसाला कैदी म्हणून समुद्रापार धाडायचं नाही : जर्सीला नाही, गर्न्सीला नाही, टँजिअरला नाही. हे टँजिअर चार्ल्सला पोर्तुगालच्या कॅथरिनबरोबर हुंड्यात आलं होतं, आणि त्याच हुंड्यात आपली मुंबईही होती. मुंबई त्याने १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली, म्हणून बिचारीचं नाव राहून गेलं असेल.

तुम्ही म्हणाल, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लठ्ठ लॉर्डाशी तुमचा काय संबंध? सांगतो.

माझे मामा तालुक्याच्या गावी गणिताचे मास्तर होते. बेरजेचा ताळा घ्यायची खोड मला त्यांचीच. १९७५ च्या जुलैत एका रात्री पोलीस आले आणि मामांना घेऊन गेले. आरोप नाही, खटला नाही. ‘मिसा’ म्हणाले, झालं. वकिलांनी देहोपस्थितीचा अर्ज लिहिला. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी असे अर्ज ऐकता येतात असं म्हटलं होतं, म्हणून मामी आशा धरून होत्या. मग २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. आणीबाणी आहे तोवर असे अर्ज चालणार नाहीत. चार विरुद्ध एक.

मी तेव्हा नुकताच हिशेब खात्यात चिकटलो होतो. मामींना पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

“चार विरुद्ध एक म्हणजे काय रे बाळू?” मामींनी विचारलं.

“चार न्यायमूर्ती म्हणाले, अर्ज चालणार नाही. एक म्हणाले, चालेल. खन्ना म्हणून आहेत.”

मामी थोडा वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या एकाला मोजत नाहीत का?”

“मोजतात, मामी. पण एकच मोजतात.”

मी खात्यातल्या माणसासारखं बरोबर उत्तर दिलं होतं. चार अधिक एक पाच, न्यायमूर्तीही पाच. बेरीज चोख होती. लंडनमध्ये हिशेब चुकला आणि माणसं सुटली. दिल्लीत हिशेब जुळला आणि माणसं आत राहिली. माझे मामा १९७७ च्या सुरुवातीला परत आले, ते निम्मे होऊन. तुरुंगातल्या आमटीखेरीज कशाबद्दलही कधी बोलले नाहीत. हंसराज खन्नांना डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं, तेव्हा खन्नांनी राजीनामा दिला. पुढे १९७८ च्या घटनादुरुस्तीने ठरलं, की आणीबाणीतही जिवाचा आणि स्वातंत्र्याचा हक्क बंद ठेवता येणार नाही. पण तो निकाल पुस्तकात होता तसाच राहिला.

परवा मी मामींकडे गेलो. आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, कानाला कमी ऐकू येतं. लठ्ठ लॉर्डाची गोष्ट त्यांना दोनदा ओरडून सांगितली. दुसऱ्यांदा त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

“जाडा होता म्हणून दहा?”

“हो ना. हातचे नऊ जास्त.”

“आपल्या वेळी नाही कोणी मोजलं असं,” त्या म्हणाल्या.

आणि बोलता बोलता मला एकदम आठवलं. २४ ऑगस्ट २०१७. खासगीपणाच्या हक्काचा खटला, सर्वोच्च न्यायालय, आणि त्या निकालात १९७६ चा तो निकाल चुकीचा म्हणून रद्द केलेला. ते निकालपत्र लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे १९७६ च्या चारांपैकी एक असलेल्या यशवंतराव चंद्रचूडांचे चिरंजीव. वडिलांची आकडेमोड मुलाने दुरुस्त केली. आणि पीठ किती जणांचं? नऊ!

“मामी,” मी ओरडलो, “ते एक होते ना, खन्ना? त्यांच्या पाठीशी नंतर नऊ आले. झाले दहा!”

मामींनी बोटांवर मोजून बघितलं. मास्तरांचं घर, ताळा घेतल्याशिवाय मान्य करणार नाहीत. मग भिंतीवरच्या मामांच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, “उशीर केला रे.”

“एक्केचाळीस वर्षं, मामी.”

त्या रात्री घरी येऊन मी ते जुनं पुस्तक उघडलं. एकशे बारा आणि एकशे सात. समासात पेन्सिलीने ‘तपासले’ असं लिहून सही केली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, फरकाची रक्कम लॉर्ड पाच, उचंत खात्यात टाकून झोपलो.